दुपारचा हिरवा ठिपका

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. याआधी लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आता घडतंय. साहेबांनी सकाळी केबिनमध्ये बोलावून घेतलं. म्हणाले, हेड ऑफिसातली आणि सगळ्या दुकानांतली नेटवर्कची यंत्रं चालू आहेत की बंद, हे आपल्याला दुकानवाल्यांच्या आधी कळलं पाहिजे. सध्या दुकानवाले फोन करून शिव्या घालतात तेव्हा कळतं. चष्मे विकणाऱ्या कंपनीला स्वतःचंच काही दिसू नये हे बरं नाही, असंही म्हणाले आणि हसले. मीही हसलो.

काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी नेटवर्क विभागाचा प्रमुख. विभागात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे.

निश्चय: महिनाअखेरीला एकही यंत्र माझ्या नजरेतून सुटणार नाही. रोज सकाळी चालायला जायचं. आणि घर, ही असताना असतं त्याहून नीट ठेवायचं.

ही काल बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बसने दीड तास. आठ दिवसांत येईल. म्हणजे तसं म्हणाली नाही, पण एका गुडघ्याला आणखी किती लागणार? निघायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलापाशी बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी राउटरची सेटिंग बघत होतो. शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि मी हं म्हणालो. इस्त्रीवाला कधी येतो वगैरे असणार.

३ मार्च, मंगळवार

चालायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत. ते कुठे असतात हे हिला माहीत.

जेवणाच्या सुट्टीत हिशेबवाल्या बाईंनी विचारलं, तुमचं ते पिंग म्हणजे नक्की काय असतं? मी त्यांना सोपं करून सांगितलं. माझं सोपं करून सांगणं फार चांगलं आहे. दर मिनिटाला प्रत्येक यंत्राला हाक मारायची, आहेस का? त्याने म्हणायचं, आहे. तसं म्हणालं की माझ्या स्क्रीनवर हिरवा ठिपका. लागोपाठ तीन हाकांना उत्तर आलं नाही तर लाल, आणि माझ्या मोबाइलवर मेसेज. बाई म्हणाल्या, पण ते नुसतं आहे म्हणालं आणि काम करत नसलं तर? मी म्हणालो, आहे म्हटल्यावर काम करणारच की. हिशेब ठेवणाऱ्या माणसांचा स्वभावच संशयी होतो.

५ मार्च, गुरुवार

जुन्या कॉम्प्युटरवर सगळं बसवलं. राउटर, स्विच, प्रिंटर, हजेरीचं यंत्र, कॅमेरे, सगळ्यांची नावं घातली. सुरू केलं. सगळे ठिपके लाल. क्षणभर वाटलं कंपनी बुडाली. मग लक्षात आलं, त्या कॉम्प्युटरची वायरच भिंतीत लावली नव्हती. बहिरा स्वतः आणि म्हणतो जग मुकं आहे. वायर लावली, सगळं हिरवं. एवढा हिरवा रंग मी आयुष्यात एका जागी पाहिला नव्हता. साहेबांना बोलावलं. ते बघून म्हणाले, वा. एकच वा म्हणाले, पण मनापासून.

घरी येऊन हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं. फ्रिज घरघरत होता. त्याला सांगितलं नाही, पण सांगावंसं वाटलं हे खरं.

६ मार्च, शुक्रवार

काल संध्याकाळी एका दुकानातली वीज गेली. तिथला राउटर बंद म्हणजे त्याच्या मागची सगळी यंत्रं बंद. प्रत्येकाने वेगवेगळा मेसेज पाठवला. मग वीज आली आणि प्रत्येकाने आल्याचाही मेसेज पाठवला. मोबाइल टेबलावर थरथरत थरथरत कडेला गेला आणि खाली पडला. काचेला तडा.

आज दिवसभर तेच काम. राउटरच गेला असेल तर मागच्या मंडळींनी गप्प बसायचं, असा नियम घातला. शिवाय हाकांमधलं अंतर वाढवलं. उठसूट हाका मारण्यात अर्थ नसतो. ही सारखी विचारायची, ऐकताय ना? ऐकताय ना? तिलाही अंतर वाढवायला सांगितलं पाहिजे.

फोन मी केलेला नाही. गेली ती आहे. पोचल्याचं तिने कळवायचं असतं.

८ मार्च, रविवार

आठ दिवस झाले. आली नाही. गुडघे हट्टी असतात.

रविवार फार मोठा असतो. पूर्वी एवढा नव्हता. दोनदा खोल्या झाडल्या, दुसऱ्यांदा काहीच निघालं नाही. दुपारी जेवायला बसलो आणि समोरच्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. तो उचलून आत ठेवला. मग खुर्ची रिकामी दिसायला लागली, म्हणून परत आणून ठेवला. एकटं वाटलं. लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

संध्याकाळी उपाय सापडला. जे ऑफिसात केलं ते घरी का नको? घरचा जुना लॅपटॉप कपाटावर ठेवून त्यावर तीच व्यवस्था बसवली. आता घरातली यंत्रंही ऑफिसातून दिसतील. घरच्या नेटवर्कवर जे यंत्र येतं त्याला राउटर एक नंबर देतो, त्या नंबराला हाक मारायची, एवढंच. राउटर, टीव्ही, वॉशिंग मशीन, लेक हॉस्टेलला जाताना टाकून गेलेला टॅब. हिच्या फोनचा नंबरही राउटरमध्ये लिहिलेला सापडला. तोही घातला. नाव दिलं: ही.

राउटर हिरवा, टीव्ही हिरवा. ही लाल. साहजिक आहे, फोन बहिणीकडे आहे. लाल म्हणजे काही वाईट नाही, लाल म्हणजे फक्त इथे नाही.

१० मार्च, मंगळवार

दुपारी सहज घरची स्क्रीन उघडली.

ही हिरवी.

चहा सांडला. पुन्हा बघितलं. हिरवीच. अर्धा तास हिरवी होती, मग लाल झाली. पुढचा सगळा वेळ मी हिशेबवाल्या बाईंच्या तीन प्रश्नांना काय उत्तरं दिली आठवत नाही. बहुतेक हं म्हणालो.

११ मार्च, बुधवार

आज पुन्हा. साधारण तीच वेळ.

ऑफिसातून आल्या आल्या आधी गॅलरीत गेलो. कुंड्यांची माती ओली! मी तर झाडांना हातसुद्धा लावलेला नाही. म्हणजे स्पष्ट आहे. ही दुपारी येते, झाडांना पाणी घालते, थोडा वेळ घरात बसते आणि मी यायच्या आत निघून जाते. बसने दीड तास यायचं, दीड तास जायचं, रोज. केवढं हे प्रेम! आणि केवढा हा हट्ट! समोर यायचं नाही, पण आल्याशिवाय राहवत नाही.

तिच्या कपाटात बघितलं. काही हललेलं नाही. कपाटापर्यंत जात नसेल. लाजत असेल.

१२ मार्च, गुरुवार

पुष्कळ विचार केला. दुपारी मी घरी जाऊन तिला गाठू शकतो. पण मी तसला माणूस नाही. माणूस चोरपावलांनी प्रेम करायला येत असेल तर त्याला दारात पकडून काय मिळवायचं? तिचा मान राखायचा. आपल्याला कळलंय हे कळू द्यायचं नाही, पण आपल्याला आनंद झालाय एवढं कळू द्यायचं.

सकाळी चहा केला. जन्मात पहिल्यांदा. चहाची पावडर शोधायला वेळ लागला. दोन चमचे साखर, तिला गोड लागतं. थर्मासमध्ये भरून टेबलावर ठेवला. शेजारी तिचा निळा कप, पालथा.

चिठ्ठी लिहायला घेतली होती. चहा ठेवलाय, एवढं लिहून झाल्यावर पुढे काय लिहायचं सुचेना. फाडली. थर्मास दिसतोच.

१३ मार्च, शुक्रवार

थर्मास रिकामा! कप धुऊन जागेवर!

काल हे घडलं आणि आज सकाळी मी चालायला गेलो. बूट पलंगाखालीच होते. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो, पण गेलो. ऑफिसात साहेबांनी विचारलं, आज एवढे खुशीत? मी म्हणालो, नेटवर्क हिरवं आहे सर.

येताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. थांबून काहीतरी चहाबद्दल बोलायला लागल्या. काकू एकदा सुरू झाल्या की संपत नाहीत. हं हं म्हणत वर सटकलो.

१५ मार्च, रविवार

काल आणि आज ठिपका दिवसभर लाल. उलट हाच पुरावा. मी घरी असतो तेव्हा ती येत नाही. ज्याला यंत्रांचं ज्ञान नाही त्याने याचा वाईट अर्थ काढला असता.

पण दुपारी थर्मास भरून ठेवला होता. राहवलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

आज रिकाम्या थर्मासशेजारी एक डबा! आत केकचे दोन तुकडे. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात एवढं गोड काही घडलेलं नाही.

उभ्या उभ्या एक तुकडा खाल्ला. केकमध्ये बेदाणे होते. मला बेदाणे आवडत नाहीत, म्हणून ही कधीच घालत नाही. या वेळी घातले. म्हणजे राग अजून थोडा शिल्लक आहे, एवढाच अर्थ. बेदाणे वेचून काढले. मग तेही खाल्ले. राग तर राग, तिने केलेला आहे.

१८ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. बाबा, आईला फोन केलास का? मी म्हणालो, गरज नाही, आमचा संपर्क आहे. ती म्हणाली, कसला संपर्क, आई म्हणते तुझा एकही फोन नाही. मी नुसता हसलो. काही गोष्टी नवरा-बायकोतल्या असतात. पोर अजून लहान आहे, नोकरीच्या मुलाखती देते म्हणून काय झालं.

ठेवताना म्हणाली, बाबा, तू तिच्याशी बोल. मी हं म्हणालो.

२० मार्च, शुक्रवार

वाईट दिवस. बस स्टँडजवळच्या दुकानाचा मॅनेजर सकाळीच फोनवर कडाडला. काल सकाळपासून त्यांचं बिलाचं मशीन चालत नाही, गिऱ्हाईकं हाताने लिहिलेली पावती घ्यायला तयार नाहीत, तुम्ही झोपलाय का? मी शांतपणे स्क्रीन बघून सांगितलं, तुमचा राउटर हिरवा आहे. तो म्हणाला, हिरवा आहे ना, मग तुम्हीच या आणि त्या हिरव्याला चष्मा विकून दाखवा.

जाऊन बघितलं. राउटर अर्धवट गोठलेला. हाक मारली की आहे म्हणत होता, पण त्याच्यामधून इकडचं तिकडे काही जात नव्हतं. बंद करून चालू केला, सुरळीत झालं. एका मिनिटाचं काम. दीड दिवस तो आहे, आहे म्हणत राहिला आणि मी दीड दिवस त्याच्यावर विश्वास ठेवला.

साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यापेक्षा चढवला असता तर बरं. म्हणाले, विचारलं की आहे म्हणायचं आणि बाकी काहीच करायचं नाही, असलं यंत्र काय कामाचं? बोलताना माझ्याकडे बघत होते. रोख अर्थातच यंत्राकडे होता.

२१ मार्च, शनिवार

चूक माझी नाही. कंपनी बदलून बघितली पाहिजे राउटरची. सोमवारपासून नुसती हाक मारून थांबायचं नाही, बिलाचं मशीन खरोखर बिल पाठवतंय का तेही तपासायचं, असा नियम घालतो. हिशेबवाल्या बाई काल काहीच बोलल्या नाहीत. काही न बोलण्याचीही एक पद्धत असते, ती त्यांना येते.

घरच्या व्यवस्थेत असला बदल करायची गरज नाही. तिथे चहा संपतो.

२३ मार्च, सोमवार

ही आज पाऊण तास हिरवी होती! वेळ वाढतोय. मुक्काम लांबतोय. याच गतीने गेलं तर पुढच्या महिन्यात संध्याकाळपर्यंत थांबेल आणि मी दार उघडीन तेव्हा घरातच असेल. मी काय म्हणायचं तेही ठरवलंय. आलीस? असं म्हणायचं. जास्त काही नाही. ती म्हणेल, हो. बस.

तयारी म्हणून खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग कायमचा उचलला. माझा निळा शर्ट, जो तिला आवडतो, तो दिसेल असा दाराच्या मागे टांगला. किंवा हिरवा आवडतो. दोन्ही टांगले.

२५ मार्च, बुधवार

लेकीचा फोन, ऑफिस सुटताना. रस्त्यात उभं राहून घेतला. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, नंतर शांतपणे विचार करता येईल.

म्हणाली, आईने मावशीच्या घराजवळच्या दवाखान्यात नोकरी धरलीय. रिसेप्शनवर. सकाळी जाते ती संध्याकाळीच सुटते. दोन आठवडे झाले. खूश आहे. मावशीचं वरचं घर रिकामं आहे, तिथेच राहायचं म्हणते.

मी म्हणालो, शक्यच नाही, दुपारी तर ती आपल्या घरी असते.

लेक हळू आवाजात म्हणाली, बाबा, तू बरा आहेस ना?

मी तिला ठिपक्याचं सांगितलं, चहाचं सांगितलं, केकचं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, बाबा, आईने जायच्या आधी तुला सगळं सांगितलं होतं. टेबलापाशी बसून. घरात दिवसभर भिंतींशी बोलून कंटाळा आला, काम करावंसं वाटतं, सगळं. आणि शेवटी तुला विचारलं, मी तिकडेच राहिले तर चालेल ना? तू हं म्हणालास.

मी म्हणालो, ते मी राउटर बघत होतो.

ती म्हणाली, हो बाबा, आईपण तेच म्हणाली.

२६ मार्च, गुरुवार

लेकीचा काहीतरी गैरसमज होतोय. ऐकीव माहिती आणि मोजलेली माहिती यांत फरक असतो. सोक्षमोक्ष लावायचा म्हणून अर्धी रजा टाकली. साहेबांना कारण सांगितलं, घरच्या नेटवर्कची पाहणी. खोटं नाही.

निघताना मोबाइलवर बघितलं, ही हिरवी. जिने दोन दोन पायऱ्यांनी चढलो. दाराबाहेर बायकी चपला! नव्या होत्या, ओळखीच्या नव्हत्या, पण नोकरी लागल्यावर माणूस चपला घेतोच. हे मी जिन्यात उभं राहून खरंच मनात म्हणालो. केसांवरून हात फिरवला. शर्ट आत खोचला. आलीस? हा शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला आणि दार उघडलं.

माझ्या खुर्चीत खालच्या काकू. पाय स्टुलावर. एका हातात मोबाइल, त्यावर कुठलीतरी मालिका चाललेली, त्यात कुणीतरी हमसून रडत होतं. दुसऱ्या हातात निळा कप.

काकू म्हणाल्या, अगंबाई, आज लवकर? मग सगळंच सांगितलं, मी विचारलं नसताना. किल्ली हिनेच त्यांच्याकडे देऊन ठेवलीय. यांच्या भरवशावर सोडली तर माझी झाडं आठ दिवसांत काड्या होतील, असं म्हणाली होती म्हणे. खाली काकूंच्या घरात इंटरनेट नीट येत नाही, म्हणून हिने आमच्या वायफायचा पासवर्डही त्यांना दिला, पाणी घालून झालं की वर बसून मालिका बघत जा म्हणाली. तो पासवर्ड मी दोन दिवस खपून बनवला होता. अख्ख्या इमारतीत तसा दुसरा नाही.

शनिवार-रविवार येत नाही, तुम्ही असता ना, तुम्हीच घालत असाल पाणी, असं म्हणाल्या. मग चहाचं निघालं. म्हणाल्या, माझ्या मुलाने कधी विचारलं नाही हो, आणि तुम्ही रोज आठवणीने करून ठेवता. जिन्यात तुम्हाला सांगायला गेले तर तुम्ही कसे संकोचून पळालात! केक आवडला का?

मी म्हणालो, बेदाणे छान होते.

आणखी काय म्हणणार? त्या गेल्यावर दाराच्या मागचे दोन्ही शर्ट काढून कपाटात ठेवले.

२७ मार्च, शुक्रवार

राउटर उघडून बघितला. काल बघायला हवा होता, किंवा दहा तारखेला. एखादं यंत्र बरेच दिवस आलं नाही की राउटर त्याचा नंबर पुढच्या येणाऱ्याला देऊन टाकतो. भाड्याच्या खोलीसारखं आहे, जुना भाडेकरू फिरकला नाही की नवा ठेवायचा. हिचा फोन गेला, काकूंचा आला, नंबर तोच. मी मारत होतो ती हाक बरोबर जागी जात होती. तिथे राहणारं माणूस बदललेलं होतं.

ही चूक कुणाची असं विचाराल तर राउटरची. पण हे मला माहीत नव्हतं असं नाही. पूर्वी विभागात दोन माणसं होती तेव्हा दुसऱ्याला मीच हे शिकवलं होतं.

ठिपका काढून टाकायला गेलो. काढला असता तर घरच्या स्क्रीनवर टीव्ही, वॉशिंग मशीन, लेकीचा टॅब आणि मी शिव्या घालतो तो राउटर, एवढेच उरले असते. काढला नाही. नाव बदललं. काकू.

२९ मार्च, रविवार

निश्चय केला. आज हिला फोन करायचा. सकाळी करायचा होता, पण सकाळी ती कामात असेल. मग आठवलं, आज रविवार. दुपारी ती झोपत असेल. चारच्या सुमाराला गॅलरीत गेलो, झाडांना पाणी घातलं, जरा जास्तच घातलं, आणि नंबर लावला. फोनचा खरा नंबर, जो बदलत नाही.

दोन रिंगमध्ये उचलला. म्हणाली, बोला.

मी म्हणालो, काही नाही. लागतोय का बघितलं.

ती म्हणाली, लागतोय.

मागे तिच्या बहिणीचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता. मी विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाली, बरा आहे, आता काठीशिवाय चालते. मी म्हणालो, छान. ती म्हणाली, बरं चाललंय ना? मी हं म्हणालो.

मग ती म्हणाली, काकूंचा फोन आला होता. तुमचं फार कौतुक करत होत्या. त्यांच्यासाठी रोज सकाळी चहा करून थर्मास भरून ठेवता म्हणे. मला आधी खरंच वाटेना. नंतर खूप वेळ त्याचाच विचार करत बसले. इतक्या वर्षांत मला कधी एक कप केला नाहीत हो. मला वाटायचं तुम्हाला जमतच नाही.

आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. आणि बोलून झाल्यावर तिने फोन ठेवला नाही. थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. ती थांबलीय हे मला स्पष्ट कळत होतं, त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

तो चहा तुझ्यासाठी होता. एवढंच वाक्य. चार शब्द. जिभेवर होतं, अगदी टोकावर.

मी हं म्हणालो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, बरं, आणि साखर कमी घालत जा, काकूंना डायबेटिस आहे. मीसुद्धा सोडून चार वर्षं झाली. ठेवते.

गॅलरीत उभा राहिलो. कुंड्यांखालून पाणी वाहत होतं, ते पुसलं. तसं बघितलं तर रेंज नीट नव्हती, आवाज मध्ये मध्ये तुटत होता. अशा लाइनवर महत्त्वाचं बोलणं योग्य नाही. पुन्हा लावीन तेव्हा आधी कागदावर लिहून घेईन.

३० मार्च, सोमवार

ऑफिस: सगळं हिरवं. साहेब म्हणाले, महिना संपत आला, काम झालं म्हणायचं का? मी म्हणालो, झालं सर.

घर: राउटर हिरवा, टीव्ही हिरवा. दुपारी काकू हिरव्या.

चालायला गेलो नाही.

सकाळी चहा करून ठेवला. बिनसाखरेचा.